पाटी आणि दप्तर

पुणे शहरात संस्था काढणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती व आजही नाही. टेकडीवर झाडे लावावयाची असोत, नदी वाचवावयाची असो, मुलांसाठी पुस्तके जमवावयाची असोत की वृद्धांस सोबत द्यावयाची असो, चार समविचारी माणसे एकत्र आली की महिन्याभरात संस्था उभी राहते. ही या शहराची पुण्याई आहे आणि तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु संस्था काढण्याची जी रीत हल्ली रूढ होत चालली आहे, तिच्याविषयी कोणीतरी स्पष्ट बोलणे आता अवश्य झाले आहे. ती रीत अशी. प्रथम नाव ठरते. नावामागोमाग बोधचिन्ह येते. बोधचिन्ह हाती आले की त्याच संध्याकाळी फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब व एक्स या चारही ठिकाणी संस्थेच्या नावाची खाती उघडली जातात, आणि व्हॉट्सॲपवर एक गट निघून त्यात ओळखीच्या सर्वांस, त्यांस न विचारता, ओढून घेतले जाते. दुसऱ्या दिवसापासून शुभेच्छांचा वर्षाव सुरू होतो. घटना लिहिणे, सभासद नोंदविणे, जमाखर्चाची वही घालणे, आणि ज्यासाठी हा सारा खटाटोप ते काम करणे, या गोष्टी सवडीने होतात. कित्येकदा होतच नाहीत.

स्वतःचे संकेतस्थळ काढण्याची गोष्ट कोणी काढलीच, तर तिला उत्तर तयार असते : ‘आता संकेतस्थळे कोण पाहतो? सगळे लोक फोनवर आहेत.’ हे उत्तर वरवर व्यवहारी दिसते आणि म्हणूनच ते फार घातक आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, समाजमाध्यम ही संस्थेची पाटी आहे व संकेतस्थळ हे संस्थेचे दप्तर आहे. दप्तर नसताना पाटी लावणे म्हणजे दुकानात माल नसताना फळीवर रिकामे डबे मांडणे होय. या म्हणण्याबद्दल आम्हांस कोणी जुनाट म्हणेल. म्हणो बापडे. पण जुने म्हणून जे टाकून दिले जात आहे ते नेमके काय होते, हे पाहिल्यावाचून टाकू नये, इतकेच आमचे मागणे आहे.

चार माणसांचा अड्डा आणि संस्था यांत फरक कोणता? अड्ड्यावरही विचार निघतात, वर्गणी निघते, कधी कधी कामही होते. फरक एवढाच की अड्ड्याला स्मरण नसते व उत्तरदायित्व नसते. संस्थेला ही दोन्ही असावी लागतात. काल आपण काय ठरविले, कोणाचे पैसे घेतले, ते कशावर खर्चिले, हे परक्या माणसाने विचारले असता ज्यांना दाखविता येते त्यांची ती संस्था. ज्यांना दाखविता येत नाही त्यांचा तो अड्डा, मग त्याची नोंदणी झालेली असो वा नसो.

या बाबतीत पुण्यास दुसरीकडून धडे घेण्याची गरज नाही. २ एप्रिल १८७० रोजी येथे सार्वजनिक सभा स्थापन झाली. पर्वती संस्थानाच्या कारभाराविषयीची लोकांची तक्रार हे तिचे निमित्त झाले. त्या वेळी सभेच्या चालकांपुढे प्रश्न असा होता की, आम्ही लोकांच्या वतीने बोलतो असे म्हटले तर सरकार विचारणार, लोकांनी तुम्हांस हा अधिकार दिला केव्हा? सार्वजनिक काका म्हणून पुढे प्रसिद्धीस आलेले गणेश वासुदेव जोशी व त्यांचे सहकारी यांनी त्यावर जी योजना केली ती आजच्या प्रत्येक संस्थाचालकाने मनन करावी अशी आहे. जो सभासद होऊ पाहील त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा त्यांनी नियम केला. आरंभीच्या पंचाण्णव सभासदांमागे अशा रीतीने सहा हजारांवर माणसे उभी राहिली. पन्नास माणसांच्या घरी जाणे, त्यांस हेतू समजावून सांगणे, शंकांना उत्तरे देणे, आणि मग सही घेणे! एकेका सहीमागे एकेक संभाषण होते. शिवाय सही करणाऱ्याने आपले नाव जबाबदारीने दिले होते.

आता आजच्या सहा हजारांकडे पाहा. एखाद्या नव्या संस्थेच्या पानास सहा हजार ‘अनुयायी’ मिळाले की चालक कृतकृत्य होतात, अहवालात तो आकडा ठळक छापतात आणि देणगीदारापुढे तोच ठेवतात. अनुयायी हा शब्द आपल्या भाषेत किती जड आहे! वारकऱ्यास अनुयायी व्हावयाचे तर आळंदीहून पंढरपुरापर्यंत पायी चालावे लागते; येथे बसल्या जागी अंगठा हालविला की पुरे. त्यांतील कित्येकांनी संस्थेचे नावही नीट वाचलेले नसते. अशा सहा हजारांच्या बळावर एक सभाही भरत नाही, एक रोपही जगत नाही. आम्ही आकड्यांचे वैरी नव्हो. परंतु मुखत्यारपत्राचा आकडा आणि अंगठ्याचा आकडा एकाच मापाने मोजू नयेत.

सार्वजनिक सभेने १८७८ पासून आपले त्रैमासिक काढले. न्यायमूर्ती रानडे यांच्या कित्येक निबंधांना त्याच त्रैमासिकाने जागा दिली, आणि सभेचे विचार आज आपल्यास वाचावयास मिळतात ते त्यामुळे. पुढे १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ व ‘केसरी’ निघाले, तेव्हा चालकांनी आर्यभूषण हा स्वतःचा छापखाना घातला. दुसऱ्याच्या छापखान्यात पत्र छापून घेणे त्या तरुणांस अशक्य नव्हते. उलट प्रारंभी ते सोयीचेच पडले असते. पण जो आपली वाणी दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवतो त्याला यंत्राच्या मालकाची मर्जी सांभाळावी लागते, हे विष्णुशास्त्र्यांनी, टिळकांनी व आगरकरांनी ओळखले होते. १९१० साली राजवाडे व मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, तेव्हा या मंडळानेही आपली वार्षिक इतिवृत्ते अगदी आरंभापासून छापून ठेवली. कोणत्या बैठकीत कोणी कोणता कागद वाचून दाखविला, हे आज शंभर वर्षांनंतरही तपासता येते ते त्या टिपणांमुळे. ही माणसे श्रीमंत नव्हती. तरी छपाईस पैसे नाहीत म्हणून टिपणे ठेवली नाहीत, असे त्यांनी म्हटले नाही.

आणि दप्तराचे मोल पुणेकरास सांगावयास हवे काय? राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, कोठे माळ्यावरची, कोठे वाण्याच्या रद्दीतली कागदपत्रे सोडवून आणली, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः प्रसिद्ध केली. पेशवे दप्तराचे रुमाल आजही याच शहरात सोडले-बांधले जातात व त्यांतून नवा इतिहास निघतो. ते कारकून आपण इतिहास लिहीत आहोत अशा भावनेने लिहीत नव्हते. धान्य किती आले, घोडे किती मेले, कोणास काय दिले, एवढेच ते रोजच्या रोज नोंदवीत होते. ज्या शहराचा अभिमान या रुमालांवर उभा आहे, त्याच शहरातील नव्या संस्थांचे दप्तर परदेशातील एखाद्या कंपनीच्या दयेवर फोनमध्ये पडून राहावे, यापरती विसंगती कोणती?

‘दयेवर’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला आहे. समाजमाध्यमावरील पान हे संस्थेचे घर नव्हे. ते फुकट दिलेले बिऱ्हाड आहे. घरमालकाने भाडे मागितले नाही म्हणून बिऱ्हाडकरू मालक होत नाही. मालकाने केव्हाही उठविले तर कुरकुर करावयासही जागा नसते, कारण त्याच्या अटींवर आपण न वाचता अंगठा उठविलेला असतो. हे भय काल्पनिक आहे असे कोणास वाटत असेल तर त्याने गेल्या काही वर्षांचा हिशेब पाहावा. फुकट घरे देणारी जिओसिटीज ही वसाहत २००९ साली याहू कंपनीने मोडली. लाखो लोकांनी हौसेने मांडलेली पाने गेली. ऑर्कुट या ठिकाणी एके काळी भारतातील तरुणांची रीघ लागली होती. मराठी माणसांचे कितीतरी समुदाय तेथे रोज गप्पा मारीत. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये मिटले. टिकटॉकवर जून २०२० च्या अखेरीस सरकारने बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतील कलावंतांचे जमलेले प्रेक्षक एका रात्रीत नाहीसे झाले. बंदीच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न येथे नाही. ज्यांचे सर्वस्व तेथेच होते त्यांचे काय झाले एवढेच पाहावयाचे आहे. स्वदेशी म्हणून गाजावाजा झालेले ‘कू’ हे माध्यमही जुलै २०२४ मध्ये बंद पडले. तेव्हा मालक देशी असला की बिऱ्हाड कायमचे होते, असेही नाही. ट्विटरचे तर २०२३ साली नावच बदलले, आणि हजारो संस्थांच्या पत्रिकांवर छापलेला तो पक्षी निरर्थक झाला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही जगभर सुमारे सहा तास एकदम बंद पडली. तिन्हींचा मालक एक असल्यामुळे, तीन ठिकाणी खाती आहेत म्हणून आपण सुरक्षित आहोत असे मानणाऱ्यांस त्या रात्री आपल्या तीन दारांचा वाडा एकच आहे हे कळले.

याच्या उलट १९९६ साली परदेशातील मराठी मंडळींनी सुरू केलेले ‘मायबोली’ पाहा. त्याच्यानंतर निघालेली व त्याच्याहून सहस्रपट श्रीमंत अशी किती माध्यमे आली आणि गेली, पण ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जागेत राहिले म्हणून त्यावरील जुने लिखाण जागेवर राहिले. यात चमत्कार काही नाही. स्वतःचे घर लहान असले तरी ते दुसऱ्याच्या दिवाळ्याने पडत नाही.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. त्यांचा पहिला मुद्दा असा की, लोक जेथे असतील तेथे संस्थेने गेले पाहिजे. मंडईत गर्दी असताना देवळाच्या मागे दुकान मांडण्यात शहाणपण नाही. हा मुद्दा खरा आहे व तो आम्ही मान्य करतो. मंडईत जरूर जावे. परंतु मंडईत भाजी विकणारा माणूस आपले खरेदीखत मंडईत ठेवीत नाही. शिवाय या मंडईत कोणी कोठे बसावे, कोणाचा आवाज कोणाच्या कानी पडावा, हे तिचा मालक ठरवितो. सहा हजार अनुयायांपैकी किती जणांपुढे आपला मजकूर जावा याचा निर्णय त्या कंपनीच्या यंत्राचा हिशेब करतो, आणि पैसे भरल्यास तो हिशेब अधिक उदार होतो. ज्या मजकुराने माणूस चिडेल किंवा हसेल तो पुढे, आणि ज्यात सभेची तारीख व जमाखर्च असेल तो मागे. या जागी संस्थेने आपला स्वभाव टिकवून धरावा तरी किती दिवस? काही महिन्यांत असे होते की, जे काम चांगले त्याचे चित्र काढण्याऐवजी, ज्याचे चित्र चांगले ते काम निवडले जाते. झाडे लावणारी संस्था रोपे लावतानाची छायाचित्रे देते. पुढच्या उन्हाळ्यात त्यांस पाणी घालतानाची देत नाही, कारण पाणी घालण्याचे दृश्य कोणास आवडत नाही. आणि जे दृश्य आवडत नाही ते काम हळूहळू होईनासे होते.

करोनाच्या साथीत, विशेषतः २०२१ च्या उन्हाळ्यात, व्हॉट्सॲपने पुष्कळ जीव वाचविले हे आम्ही नाकारीत नाही. प्राणवायू कोठे मिळेल, खाट कोठे रिकामी आहे, हे निरोप क्षणात शहरभर पोहोचले. पण त्याच दिवसांत दुसरीही गोष्ट घडत होती. गरज भागल्यावरही तेच निरोप दिवसचे दिवस फिरत राहिले. त्यांवर तारीख नव्हती, पाठविणाराचे नाव नव्हते, आणि खरे-खोटे पडताळावयास जागा नव्हती. व्याकूळ माणसे बंद पडलेल्या क्रमांकांना फोन करीत बसली. ज्या स्वयंसेवकांनी एका ठिकाणी यादी ठेवून ती वेळोवेळी तपासली व निरोपात फक्त त्या यादीचा पत्ता दिला, त्यांचे श्रम सार्थकी लागले. निरोप धावतो, पण तो जेथून निघाला त्या ठिकाणी सत्य बसलेले असले पाहिजे. पाटी व दप्तर यांचे नाते याहून स्पष्ट दुसऱ्या कशाने दाखविता येणार नाही.

दुसरा मुद्दा खर्चाचा. संकेतस्थळ महाग पडते व पाहावयास कोणी येत नाही, असे म्हणतात. यातील पहिले अर्धे खोटे आहे व दुसरे अर्धे गैरलागू आहे. संस्थेच्या नावाचा पत्ता राखून ठेवण्यास वर्षाकाठी जो खर्च येतो तो उद्घाटनाच्या हारतुऱ्यांहून व फलकाहून क्वचितच अधिक असतो. पाच-सहा साध्या पानांचे स्थळ उभारण्यास मोठा कारागीर लागत नाही. या शहरात संगणकाचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींची उणीव नाही. लागते ती लिहावयाच्या मजकुराची तयारी, आणि खरी अडचण तेथेच आहे! संस्थेचा उद्देश चार वाक्यांत लिहा म्हटले की चालकांत मतभेद उघडे पडतात. चालकांची नावे द्या म्हटले की कोण अध्यक्ष हे ठरलेले नसते. हिशेब द्या म्हटले की वही सापडत नाही. संकेतस्थळ महाग पडते ते पैशाने नव्हे, प्रामाणिकपणाने. फेसबुकच्या पानावर हे प्रश्न कोणी विचारीत नाही, म्हणून ते स्वस्त वाटते.

पाहावयास कोणी येत नाही, हे म्हणणे गैरलागू आहे. कारण दप्तर रोज पाहावयाचे नसतेच. घराचे खरेदीखत आपण वर्षातून किती वेळा वाचतो? पण ज्या दिवशी ते लागते त्या दिवशी दुसऱ्या कशाने काम भागत नाही. देणगी देऊ इच्छिणारा गृहस्थ, मुलीला शिबिरास पाठवावे की नाही या विचारात पडलेली आई, आणि दहा वर्षांनी या संस्थेचा इतिहास लिहू पाहणारा विद्यार्थी असे तीन वाचक वर्षातून आले तरी संकेतस्थळाचे चीज झाले.

तिसरा पक्ष याहून थोर माणसांचा आहे. ते म्हणतात, ‘आम्हांस पाटीही नको व दप्तरही नको, काम बोलेल.’ या वृत्तीविषयी आम्हांस आदर आहे, पण तिच्यात एक सूक्ष्म अहंकार दडलेला असतो. काम स्वतःच्या पैशाने चालत असेल तर ते मुके राहिले तरी चालेल. दुसऱ्याच्या वर्गणीवर चालत असेल तर त्याला बोलावेच लागते. अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि त्यासाठी गावोगाव वर्गणीला हिंडले. त्यांच्याइतके अबोल काम कोणी केले असेल? तरी त्यांस लोकांनी पैसे दिले ते त्यांच्या साधेपणाइतकेच त्यांच्या चोख हिशेबावर विसंबून. आज संस्था नोंदणी अधिनियम, १८६० व महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदलेल्या संस्थेस लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतोच. जे सरकारास दाखवावयाचे ते वर्गणीदारास दाखविण्यात संकोच कसला?

येथवर वाचून कोणा चालकास वाटेल की, आमचे तर संकेतस्थळ आहे, तेव्हा हा मार दुसऱ्यांसाठी आहे. त्यांच्यासाठीही दोन शब्द आहेत. आमच्या पाहण्यात येणारी पुष्कळशी स्थळे इंग्रजीत असतात. संस्थेचे काम भोरच्या किंवा मुळशीच्या खेड्यात, तेथील बाया-बापड्यांसाठी. आणि त्यांच्यासाठी आपण काय करतो हे मात्र त्यांस न कळेल अशा भाषेत! परदेशातील देणगीदारासाठी इंग्रजी पाने अवश्य असावीत, पण ती दुसरी. पहिली मराठीच हवीत. मराठीतून हे जमत नाही ही सबब आता उरलेली नाही. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचे फार मोठे काम याच शहरात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये झाले. पुढे युनिकोडमुळे देवनागरी जगातील कोणत्याही यंत्रावर वाचता येऊ लागली. आणि २०१४ पासून तर संकेतस्थळाचा पत्ताही ‘.भारत’ असा देवनागरीत घेता येतो. हे सारे हाताशी असताना कित्येक संस्था आपले निवेदन रंगीत चित्रावर छापून तेच चित्र चिकटवितात. चित्रातील अक्षरे शोधयंत्रास सापडत नाहीत, आणि ज्या अंधांच्या फोनमध्ये मजकूर वाचून दाखविण्याची सोय असते त्यांस ती वाचता येत नाहीत. अंधांच्या साह्यासाठी काढलेल्या कार्यक्रमाची पत्रिका अंधांसच वाचता येऊ नये, हा विनोद आपल्याकडे नित्य घडतो व त्याचे कोणास हसूही येत नाही. जुन्या टंकांत जुळविलेला मजकूर तसाच चढविला म्हणजे तर दुसऱ्या यंत्रावर मराठीच्या जागी निव्वळ चिन्हांचा कचरा दिसतो.

आणि मजकूर तरी कोणता? पहिल्या पानावर पाहुण्यांचा सत्कार, दुसऱ्यावर अध्यक्षांचा सत्कार, तिसऱ्यावर सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. शाल-श्रीफळाच्या या गर्दीत संस्था कोठे आहे, तिचे दार किती वाजता उघडते, तेथे फोन केला तर कोण उचलतो, हे शोधता शोधता माणूस थकतो. पुणेरी पाट्यांची थट्टा साऱ्या महाराष्ट्रात होते. पण त्या पाटीचा एक गुण थट्टा करणाऱ्यांनी कधी पाहिला नाही. ती स्वतःच्या भिंतीवर असते, थोडक्यात असते, आणि दुपारी एक ते चार दार उघडणार नाही हे ती कोणताही आडपडदा न ठेवता सांगते. संस्थांच्या संकेतस्थळांनी इतका जरी स्पष्टपणा उचलला तरी अर्धे काम झाले.

सर्वांत गंभीर गोष्ट किल्ल्यांची. संस्थेच्या इमारतीची किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांस ठाऊक असते. तिच्या संकेतस्थळाची व खात्यांची किल्ली कोणाकडे आहे हे बहुधा एकाच माणसास ठाऊक असते. उत्साही तरुण कार्यकर्त्याने स्वतःच्या नावावर पत्ता नोंदलेला असतो, स्वतःच्या फोनवर खाती उघडलेली असतात. पुढे तो नोकरीसाठी परगावी जातो, किंवा रुसतो, किंवा दुर्दैवाने मरण पावतो. आणि मग संस्था आपल्याच दाराबाहेर उभी राहते. वार्षिक शुल्क भरण्याची आठवण देणारे पत्र त्याच्याच टपालात पडते, मुदत टळते, तो पत्ता दुसराच कोणी घेतो, आणि समाजसेवेच्या नावाखाली जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. पुण्यातील संस्थांत भांडणे होतात हे काही गुपित नाही. टिळक-आगरकरांसारख्यांचे झाले तेथे इतरांची काय कथा? पण १८८८ साली ‘सुधारक’ निघाला तो दुसऱ्या पत्राच्या रूपाने. केसरीची किल्ली घेऊन कोणी पळाला नाही. म्हणून पत्ता संस्थेच्या नावावर असावा, किल्ल्या निदान दोन पदाधिकाऱ्यांकडे असाव्यात, व त्यांची नोंद सभेच्या इतिवृत्तात असावी. पदाधिकारी बदलले की जमाखर्चाच्या वहीबरोबर याही किल्ल्या हाती द्याव्यात.

तसेच दुसऱ्यांच्या नावांचे. व्हॉट्सॲपच्या गटात २०२२ पासून हजारावर माणसे घेता येतात, आणि त्यांतील प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांपुढे उघडा पडतो. एखाद्या बाईने वाचनालयाच्या कामासाठी विश्वासाने दिलेला क्रमांक हजार अनोळखी माणसांच्या हाती देण्याचा अधिकार संस्थेस कोणी दिला? केवळ सूचना द्यावयाच्या तर जेथे क्रमांक झाकलेले राहतात अशा वाहिनीची सोय त्याच व्हॉट्सॲपमध्ये २०२३ पासून आहे. मदत घेणाऱ्या मुलांचे चेहरे देणगीच्या आवाहनावर छापण्याचा प्रकार तर याहून निंद्य आहे. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. पण सभ्य माणसास त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये. आज वही-पेन घेताना टिपलेला तो चेहरा, मुलगा मोठा होऊन नोकरी मागावयास जाईल तेव्हाही लोकांच्या फोनमध्ये फिरत असेल.

तर मग नव्या संस्थेने करावे काय? आमचे उत्तर क्रमाचे आहे. आधी घटना लिहावी व ती सर्व संस्थापकांनी मोठ्याने वाचावी. मग संस्थेच्या नावाने पत्ता घ्यावा, व त्यावर मराठीत, साध्या अक्षरांत, सहाच गोष्टी घालाव्यात : उद्देश, घटना, पदाधिकाऱ्यांची नावे व मुदत, चालू काम, वर्षाचा हिशेब, आणि उत्तर मिळेल असा पत्ता. प्रत्येक पानावर तारीख असावी. हे झाल्यावर समाजमाध्यमांपैकी एकच निवडावे; ज्यांच्यासाठी काम आहे ते लोक जेथे असतील ते. तेथे विचारलेल्या प्रश्नास दोन दिवसांत उत्तर देईल असा माणूस नेमल्यावाचून ते उघडू नये. आणि असा दुसरा माणूस मिळेतो दुसरे उघडू नये. चार ओसाड पानांपेक्षा एक जागते पान बरे. तेथे जे जे सांगावयाचे त्याचे मूळ आधी स्वतःच्या स्थळावर ठेवावे, आणि मंडईत फक्त त्याची हाळी द्यावी.

शेवटी एक सावधगिरी. स्वतःचे घर झाले म्हणजे ते अविनाशी झाले असे नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतील कित्येक घरांची कागदपत्रे चिखलात गेली. ती त्यांच्या मालकांचीच होती, पण एकाच जागी होती. म्हणून संकेतस्थळाची प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी, आणि वर्षाचा अहवाल कागदावर छापून त्याच्या दोन प्रती एखाद्या जुन्या ग्रंथालयात नेऊन द्याव्यात. १८४८ पासून वाचकांची सेवा करीत असलेले पुणे नगर वाचन मंदिर या शहरात आहे. संस्थांनी आपला लेखी माग अशा ठिकाणी ठेवण्याची चाल पुन्हा पाडावी.

या साऱ्यास फार तर पंधरा दिवस अधिक लागतील, आणि तेवढ्या दिवसांत कोणतीही नदी आटणार नाही, कोणतेही वाचनालय ओस पडणार नाही. मात्र ज्या चालकांस हे पंधरा दिवस जड वाटतात, त्यांस वर्गणीदारांनी एवढेच विचारावे : तुमच्या फोनवरची ही सारी खाती उद्या सकाळी नाहीशी झाली, तर तुमची संस्था आहे हे तुम्ही आम्हांस कशाने दाखवाल? याचे उत्तर ज्याच्यापाशी नसेल त्याच्या हाती वर्गणी देऊ नये.